प्रत्यक्ष की थेट?

कोराकागद: भारत-जपान व्यापारावरचा अहवाल मराठीत आणतेय. एफडीआयला, म्हणजे 'फॉरेन डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट'ला, मी 'थेट परकीय गुंतवणूक' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'प्रत्यक्ष' केलं. 'डायरेक्ट टॅक्स'ला आपण 'प्रत्यक्ष कर' म्हणतोच, हे त्यांचं कारण. आता एक वाक्य असं झालंय: 'जाहीर रकमेपैकी प्रत्यक्ष गुंतवणूक किती?' म्हणजे खरोखर आलेला पैसा, की गुंतवणुकीचा प्रकार?

गणकमित्र: 'थेट'च ठेवा. करारावर सह्या होणं वेगळं आणि पैसा येणं वेगळं. तो फरक दाखवायला 'प्रत्यक्ष' मोकळा हवा. अर्थात 'थेट'मधूनही खरा मुद्दा कळत नाही. मुद्दा आहे मालकीचा, कारभारातल्या अधिकाराचा. आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत परदेशी वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर ती पोर्टफोलिओ, म्हणजे नुसती शेअर घेण्यापुरती गुंतवणूक; १० किंवा जास्त असेल तर थेट. सुझुकीने १९८२ मध्ये मारुतीत २६ टक्के घेतले, ती थेट.

मुळाक्षर: मला तर 'गुंतवणूक' हाच शब्द फार आवडतो. गुंतणे, गुंतवणे, गुंतवणूक. कारखाना उभारणाऱ्याचा पाय खरंच गुंतलेला असतो. शेअर घेणारा दुपारी विकून मोकळा! त्याला गुंतवणूकदार म्हणूच नये.

गणकमित्र: मग काय म्हणायचं? सगळी वर्तमानपत्रं दोघांनाही तेच म्हणतात. रूढ शब्द व्युत्पत्तीवर तोलायचा नसतो.

सरळरेघ: माझा आक्षेप 'परकीय'वर आहे. परकीय सत्ता, परकीय आक्रमण... बोलावून आणलेल्या भांडवलाला हा शब्द कशाला? 'विदेशी' म्हणा.

निवृत्तखातेदार: 'विदेशी निवेश' ही हिंदीची वाट झाली. मी बँकेत परकीय चलनाचं काम केलं. बोलताना सगळे 'फॉरेक्स' म्हणायचे, कागदावर 'परकीय चलन'. कुणालाही त्यात शत्रू दिसला नाही. १९९९ चा फेमा मराठीत 'परकीय चलन व्यवस्थापन कायदा'च आहे. तोही बदलणार?

सरळरेघ: कायद्याची मराठी हा दाखला होत नाही.

मुळाक्षर: आणि 'परकीय गंगाजळी'? गंगाजळी म्हणजे गंगेच्या पाण्याचं भांडं, त्यावरून राखून ठेवलेला पैसा. किती सुंदर शब्द आहे!

कोराकागद: माझं वाक्य अजून अडलंय. शिवाय 'द्विपक्षीय व्यापार' खोडून त्यांनी 'उभय देशांतील व्यापार' केलंय.

सरळरेघ: बरोबर केलं. 'पक्ष' म्हटलं की निवडणूक आठवते.

निवृत्तखातेदार: लग्नात वरपक्ष-वधूपक्ष असतात, तेव्हा नाही आठवत?