दप्तरं तपासावीत का? आणि जप्त केलेल्या वस्तूंचं काय करता?

नवी_बाई
माझ्याकडे आठवी ब आहे, अनुदानित शाळा. वर्गात एका मुलाचे सहलीचे पाचशे रुपये गेले. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांची दप्तरं बाकावर उपडी करा. माझं मन धजत नाही. मुलींच्या दप्तरात पॅड असतात, ते वर्गासमोर बाहेर पडले तर ती पोर वर्षभर मान वर करणार नाही. शिवाय कपाटात जप्तीचा ढीग आहे: बेब्लेड, पत्ते, आधीच्या वर्गशिक्षिकेच्या काळातलं एक घड्याळ. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

खडूफळा
बाई, अजिबात उपडी करू नका. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात गेली, तिथली पद्धत सांगतो. प्रयोगशाळेत एक झाकलेलं खोकं ठेवायचं. प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, मूठ मिटून खोक्यात घालायची आणि उघडून बाहेर काढायची. सगळेच जातात, त्यामुळे कोणाकडे बोट जात नाही आणि ज्याने घेतले त्याला परत ठेवायला वाट मिळते. दरवेळी पैसे मिळतात असं नाही. पण निर्दोष पोराच्या माथी चोरीचा शिक्का बसत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 दाखवा. त्यात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई आहे. कायदा 6 ते 14 वयासाठी आहे, म्हणजे तुमची आठवीची बहुतेक मुलं त्यात येतात.

जप्तीसाठी एक वही घाला. वस्तू, नाव, तारीख, कधी परत दिली आणि मुलाची सही. मोबाईल असेल तर त्याच्यासमोरच बंद करा आणि काचेला तडा असेल तर तोही लिहा, नंतर वाद नको. बेब्लेड शाळा सुटताना परत. ती वस्तू त्याची आहे, आपण फक्त तासापुरती सांभाळतो. घड्याळाची सूचना फळ्यावर लावा, पट्ट्याचा रंग सांगेल त्याला द्या.

एसटीची_आई
पालक म्हणून बोलते. माझा मुलगा नववीत आहे, एसटीने ये-जा करतो. शाळेने त्याचा साधा बटणांचा फोन आठवडाभर ठेवून घेतला. त्यात एकदा संध्याकाळची गाडी रद्द झाली आणि अंधार पडेपर्यंत पोर स्टँडवर, मी घरी जीव मुठीत धरून. वर्गात फोन नको, हे मलाही मान्य आहे. सकाळी ऑफिसात जमा करून घ्या, सुटताना द्या. आणि नियम जूनच्या पालकसभेतच सांगा.

नवी_बाई
खोकं उद्याच ठेवते. अजून एक विचारायचं होतं. आमच्याकडे एका सरांनी जप्त फोनमधले मेसेज वाचले. हे चालतं का?

खडूफळा
माझ्या मते मुळीच नाही. फोन, डायरी, चिठ्ठ्या, काहीच वाचायचं नाही. चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं तर फारच वाईट, पोरं ते विसरत नाहीत. कोणी मुलीचे नको ते फोटो काढल्याची शंका असेल तर प्रकरण वेगळं. तिथेही आपण फोन चाळायचा नाही. बंद करून मुख्याध्यापकांकडे द्यायचा आणि लगेच पोलिसांना कळवायचं. लैंगिक गुन्ह्याची शंका आली की पोक्सो कायदा 2012 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही.