होस्टने पाहुण्याच्या खुर्चीत बसायचंच नाही का?

रातराणी:
कालच्या पॉडकास्टच्या धाग्यावर एकजण लिहून गेले, "होस्टने गेस्ट होऊन स्वतःची जीवनकहाणी सांगणं म्हणजे भटजीनेच बोहल्यावर चढणं." खाली सगळ्यांचे नुसते अंगठे. मला ते रात्रभर खुपत राहिलं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मार्क मॅरन या अमेरिकन स्टँडअप कॉमेडियनला मी कित्येक वर्षं ऐकत आले. 2009 मध्ये त्याची रेडिओवरची नोकरी गेली, दुसऱ्या घटस्फोटाने आधीच पार धुऊन निघालेला, आणि ज्या स्टेशनने काढलं त्यांच्याच स्टुडिओत रात्री गुपचूप शिरून त्याने 'डब्ल्यूटीएफ' या आपल्या मुलाखतींच्या पॉडकास्टचे पहिले भाग रेकॉर्ड केले. मग लॉस एंजेलिसला घराच्या गॅरेजमध्ये. 2011 मध्ये दोनशेवा भाग आला तेव्हा माइक बर्बिग्लिया या दुसऱ्या स्टँडअपवाल्याला त्याने होस्ट केलं आणि आपण पाहुणा झाला. तोवर हा लोकांना विचारत आलेला, बापाशी पटत होतं का, दारू कधी सुटली, बायको का सोडून गेली. जो माणूस दुसऱ्याच्या पार माजघरापर्यंत जातो त्याने एकदा तरी आपलं दार उघडावं की नाही? यात मिरवणं कुठे आलं?

खडूस_पुणेकर:
ती कमेंट माझी आहे आणि मी ती मागे घेत नाही.

एक, मॅरनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. हा माणूस प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं स्वतःबद्दलच बोलायचा, मांजरी, आई-वडील, तब्येत, सगळं. दोनशेव्या भागापर्यंत श्रोत्यांना त्याची कुंडली पाठ होती, मग वेगळं दार कसलं उघडलं? दोन, आणि हे कुणीच बोलत नाही, एडिट कुणाच्या हातात असतं? पाहुणा मन मोकळं करून घरी जातो, नंतर काय ठेवायचं काय कापायचं ते होस्ट ठरवतो. तोच होस्ट 'पाहुणा' झाला तरी फाइल त्याच्याच लॅपटॉपवर असते. जोखीम शून्य. आणि आता आपल्याकडे ज्याचे पन्नास भाग झाले तो एका मित्राला समोर बसवतो आणि मित्र विचारतो, "तुझा प्रवास सांग ना." झाला स्पेशल एपिसोड.

एकटा_श्रोता:
"तुमचा प्रवास" हे दोन शब्द मराठी मुलाखतीतून कायमचे काढून टाका, मी हात जोडतो. लेखक असो, डॉक्टर असो, पहिला प्रश्न प्रवास. माझे काका आकाशवाणीवर होते, शेतकऱ्याची मुलाखत असली तरी आदल्या दिवशी त्याच्या बांधावर जाऊन यायचे, पोस्टकार्ड फाडून त्याच्या मागे प्रश्न लिहायचे, कुठलं पीक, विहिरीला पाणी किती हात, मागच्या साली काय भाव मिळाला. सुधीर गाडगीळांच्या मुलाखती ऐका, समोरच्याची माहिती काढून बसलेला माणूस लगेच कळतो. आताचे लोक कोरे येतात आणि पाहुण्याकडूनच विकिपीडिया वाचून घेतात.

सांगलीकर:
@एकटा_श्रोता, काकांना पगार होता, गाडी होती, स्टुडिओ होता. मी अडीच वर्षं एकट्याने पॉडकास्ट करतोय. खोलीच्या तीन भिंतींना आईच्या गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, एप्रिलमध्ये पाहुण्याच्या कपाळावरून घाम ओघळतो, आणि नेमकं तो रडवेला झाला की शेजारच्या कुकरची शिट्टी. हे सगळं करून कुणीतरी येऊन म्हणणार की कोरे येता. आणि "प्रवास" मी मुद्दाम विचारतो. गावाकडचा माणूस माइक बघूनच आखडतो, त्याला पहिलाच प्रश्न टोकदार टाकला तर हो-नाही करून गप्प. त्याला ओळखीच्या वाटेवरून आत न्यावं लागतं.

खडूस_पुणेकर:
गोधड्यांचा आणि तयारीचा काय संबंध? घाम तुम्ही गाळा नाहीतर नका गाळू, ऐकणाऱ्याचा दीड तास जातो त्याचं काय?

सांगलीकर:
नका ना ऐकू मग! कुणी बळजबरी केलीय? फुकट ऐकायचं, पोह्यांवर लिंबू पिळत दोष काढायचे, आणि स्वतः आयुष्यात एका माणसाला दहा मिनिटं नीट ऐकून घेतलेलं नसायचं.

जर्सीची_मावशी:
अरे भांडू नका रे, मूळ विषय राहिला बाजूला. मॅरन आमच्या जर्सी सिटीत जन्मलेला, म्हणून मलाही थोडं बोलू द्या.

टेरी ग्रॉसबद्दल कुणीच कसं बोललं नाही? फिलाडेल्फियाच्या रेडिओवर ती 1975 पासून 'फ्रेश एअर' करतेय, मी ऑफिसला जाता-येता गाडीत तिलाच ऐकत आले. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना विचारत आली, स्वतःबद्दल जवळपास काही नाही. 2015 मध्ये ब्रुकलिनला लोकांसमोर स्टेजवर ती पाहुणी झाली, आणि विचारणारा कोण, तर हाच मॅरन. तरुणपणी ती बफेलोच्या शाळेत शिकवायला लागली होती आणि सहाच आठवड्यांत तिला काढून टाकलं होतं. मुलाखतीचा इतका दबदबा असलेल्या बाईला एकेकाळी वर्ग सांभाळता येत नव्हता! ते वजनदार वाटतं कारण तिने स्वतःला चाळीस वर्षं राखून ठेवलं होतं. म्हणून माझं मत दोघांहून वेगळं आहे. होस्टने पाहुणा जरूर व्हावं, पण दुसऱ्याच्या घरी. आपल्याच ओसरीवर आपलाच सत्कार नको.

खडूस_पुणेकर:
मावशी, हे मला मान्य करावं लागतंय. फाइल दुसऱ्याकडे असेल तर माझा दुसरा मुद्दा पडतो. पहिला पडत नाही.

एकटा_श्रोता:
आणि प्रवासाचा मुद्दा? 2018 ला पुण्यात राज ठाकरेंनी शरद पवारांची मुलाखत घेतली, हजारोंनी लोक आले, का? कारण विचारणाऱ्याला समोरच्याचं राजकारण आतून माहीत होतं. "साहेब, तुमचा प्रवास सांगा" म्हणून चाललं असतं का तिथे?

सांगलीकर:
पवारसाहेबांना बोलतं करावं लागत नाही हो! माझ्यासमोर ऊसतोडीला जाणारी बाई बसलेली असते.

मगाशी तापलो, ते जाऊ द्या. पण मीही एकदा पाहुणा झालोय, माझ्याच पॉडकास्टवर, मावशींना चालणार नाही तसा. मित्राने प्रश्न विचारले. तोवर मी चाळीसेक माणसांना त्यांच्या गेलेल्या माणसांबद्दल विचारलं होतं आणि कुणी गप्प झालं की आतून खूशच व्हायचो, म्हटलं हा भाग चालणार. त्या दिवशी मित्राने भावाचं विचारलं. माझा धाकटा भाऊ नदीत गेला, मी नऊ वर्षांचा होतो. मला शब्द फुटेना. समोर पाण्याचा स्टीलचा पेला होता, त्याच्या काठाखाली आमच्या वडिलांचं नाव कोरलेलं, मी ते नाव वाचत राहिलो, किती वेळ कोण जाणे. फाइल माझ्याच लॅपटॉपवर होती, खडूस म्हणतात तशी. पण कापायला बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी लोकांची कसली शांतता विकत आलोय. तेव्हापासून कुठला प्रश्न नको ते पाहुण्याला आधी विचारतो, आणि भाग टाकण्यापूर्वी त्याला ऐकवतो. त्या खुर्चीत बसलो नसतो तर हे मला कुणी सांगूनही पटलं नसतं.

खडूस_पुणेकर:
हे आधी लिहायचं होतं. गोधड्यांपेक्षा हे लाखमोलाचं आहे. भाग टाकण्यापूर्वी पाहुण्याला ऐकवणं सगळ्यांनी करावं, यावर माझा विरोध नाही. पण तुमच्यासारखा एखादाच, बाकीचे नव्वद टक्के मिरवायलाच बसतात हे मी म्हणणारच.

रातराणी:
खडूस, तुमच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर देते. मॅरन सुरुवातीला स्वतःबद्दल बोलायचा ना, तेच मला हवं होतं. मे 2020 मध्ये त्याची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, अचानक गेली. दोन दिवसांत त्याने भाग टाकला, रडत रडत बोलला आणि पुढे 2015 मधली तिच्याबरोबरची जुनी मुलाखत लावली. माझी आई त्याच महिन्यात गेली. मी नाशकात, ती गावी, पास मिळाला नाही, शेवटचं तोंड व्हिडिओ कॉलवर पाहिलं. घरातले सगळे मला "सावर" म्हणत होते. मी ओट्यापाशी भेंडी चिरता चिरता तो भाग ऐकला, आणि मला पहिल्यांदा मोठ्याने रडता आलं. त्या माणसाची कुंडली मला पाठ होती म्हणूनच त्याचं रडणं माझ्यापर्यंत पोचलं. अनोळखी पाहुणा रडला असता तर मी वाईट वाटून घेऊन भेंडी परतायला घेतली असती.

खडूस_पुणेकर:
तो भाग मी ऐकलेला नाही. ऐकतो. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. भटजीचं वाक्य तुमच्यापुरतं मागे.

एकटा_श्रोता:
बरं सांगलीकर, काकांच्या पगारावरून बोललात ते सोडून दिलं. पण "प्रवास" नाही तर मग गावाकडच्या माणसाला पहिलं काय विचारायचं ते तरी सांगा.

सांगलीकर:
एक प्रश्न आहे, गेल्या दिवाळीपासून वापरतोय. लहानपणी सकाळी जाग यायची तेव्हा घरात पहिला आवाज कशाचा यायचा? परवा एक आजी लगेच म्हणाल्या, "जात्याचा, आणि आई ओवी म्हणताना मधेच खोकायची त्याचा." पुढचा पाऊण तास मी नुसता बसून होतो.