प्रतिसाद: प्रेम म्हणजे फक्त राधाकृष्ण नाही
प्रेमावरचं प्रदर्शन म्हटलं की राधाकृष्ण नाहीतर गुलाबी जोडपी, असं ज्या पोस्टला हा प्रतिसाद आहे तिच्यात म्हटलंय, पण मला लगेच चित्रकार भूपेन खक्कर आठवले. जन्म मुंबईचा, बडोद्यात अकाउंटंटची नोकरी सांभाळत चित्रं काढायचे, २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यातलं १९८२ चं बनारसमधल्या दोन पुरुषांचं चित्र नीट बघा, दोघं विवस्त्र, मिठीत उभे, एकाचे केस पांढरे, आणि बाजूला निळ्या अंधारात साधू, पूजाअर्चा सगळं आपापलं चाललेलं. त्या काळात केवढी हिंमत लागली असेल! १९९४ च्या एका चित्राचं तर नावच, तुझ्यावरचं प्रेम सांगायला मला किती हात लागतील, अशा अर्थाचं आहे, नुसतं वाचूनच गलबलून येतं हो.