'फिजिशियन असोसिएट'ला मराठीत काय म्हणायचं? बायोडाटात लिहायचंय

तापीकाठ
राम राम मंडळी. भाचीचा लग्नाचा बायोडाटा टाइप करायला बसलोय, कुळ मामेकुळ उंची शेती सगळं झालं आणि 'नोकरी'पाशी येऊन गाडी अडली. पोरगी चेन्नईला चार वर्षांचं बीएस्सी करून, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, तिकडेच एका हार्टच्या हॉस्पिटलात लागलीय, पद फिजिशियन असोसिएट. ताई म्हणते सरळ डॉक्टर लिही, कोण सर्टिफिकेट मागतंय. भाची फोनवरच कडाडली, मामा डॉक्टर लिहिलं तर मी कार्यक्रमाला येणारच नाही. मग मी 'डॉक्टरांची सहाय्यक' लिहिलं तर ताई रुसली, चार वर्ष फी भरली ती काय कंपोडर व्हायला? आजीचं तिसरंच, सगळं ऐकून म्हणे "मंग धाकली डाक्टरीन शे ना ती, तसं सांग ना भो." आता तुम्हीच सांगा.

मिरचीठेचा
कंपोडरला नावं ठेवू नका हो. आमच्या पारोळ्याच्या जुन्या डॉक्टरांकडे होते एक, लाल औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे, एक कंगोरा म्हणजे एक डोस, आणि डॉक्टर गावाला गेले की अर्धं गाव त्यांनाच नाडी दाखवायचं. सरकारी मराठीत ह्याला चांगला शब्द होता, मिश्रक, म्हणजे औषधं मिसळणारा. पण तुमची भाची काही मिसळत नसणार त्यामुळे हा शब्द बादच.

काना मात्रा
आधी एक, 'सहाय्यक' नको. सहायक किंवा साहाय्यक. मदत ह्या अर्थी साहाय्य. बोर्डावर सगळीकडे चुकीचंच असतं म्हणून ते बरोबर होत नाही.

आता मुद्दा. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणजे सहायक प्राध्यापक, असोसिएट प्रोफेसर म्हणजे सहयोगी प्राध्यापक, हे रुळलेलंय. त्या हिशोबाने असोसिएटला 'सहयोगी' तयारच आहे. खरी गोची 'फिजिशियन'ची. अमेरिकेत फिजिशियन म्हणजे कुठलाही डॉक्टर, सर्जनसुद्धा त्यात आला. आपल्याकडे जळगावात पाटीवर फिजिशियन दिसलं की आपण समजतो एमडी मेडिसिन, बीपी शुगरवाले. आणि 'वैद्य' लिहाल तर लोक म्हणतील पोरगी काढे देते. त्यामुळे 'वैद्य सहयोगी' ऐकायला गोड पण कामाचा नाही.

सातपुडा पायथा
'सहवैद्य' कसा वाटतो? किंवा उपवैद्य, उपसरपंचसारखा. सरपंच नसला की उपसरपंच सही करतो.

खापरावरची पोळी
नको नको, तिथेच तर घोळ आहे. मी धुळ्याची, इंग्लंडमध्ये नर्स आहे, इथे ह्या एका शब्दावरून केवढं रामायण झालंय. आधी नाव होतं फिजिशियन असिस्टंट, २०१४ मध्ये असोसिएट केलं. सायन्सची डिग्री घेऊन वर दोन वर्षांचा कोर्स करतात, पेशंट तपासतात, हिस्ट्री घेतात, पण प्रिस्क्रिप्शन लिहायचं नाही आणि एक्सरे सीटी सांगायचा नाही, त्यावर सही डॉक्टरचीच. पण पेशंटला असोसिएट म्हटल्यावर वाटतं हा डॉक्टरच, जरा वरचा असेल. २०२२ मध्ये एक तरुण मुलगी दोनदा दाखवून गेली, पायाला सूज दम लागतोय, फुप्फुसात गुठळी होती ती ओळखली गेली नाही, गेली बिचारी, आणि शेवटपर्यंत तिला वाटत होतं आपल्याला डॉक्टरने पाहिलं. मग वाद पेटला. डिसेंबर २०२४ पासून डॉक्टरांच्याच कौन्सिलकडे ह्यांची नोंदणी सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं की नाव परत असिस्टंट करा. म्हणजे 'सह' आणि 'उप' लावताना जरा जपून. माझ्यासोबत काम करणारे काही फार हुशार आहेत, शिव्या खातात ते ह्या शब्दापायी.

मिरचीठेचा
म्हणजे गोरे लोक पण ताई आणि भाचीसारखेच भांडताय 😄

काना मात्रा
आणि अमेरिकेत उलटी गंगा. तिथे हे सगळं सुरू झालं १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात, पहिल्या बॅचला चारच जण, नौदलातून सुटून आलेले, जहाजावर मलमपट्टी सुया सगळं केलेले. हात तयार होता, डिग्री नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी दोन वर्षांचा कोर्स काढला. तेव्हा असिस्टंट म्हटलं आणि २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेने ठरवलं की आता असोसिएट म्हणायचं. एक जण वर चढतोय तेव्हा दुसऱ्याला उतरवताय. आपल्याकडे कोर्स १९९२ ला चेन्नईतच सुरू झाला, तोही हार्ट सर्जरीवाल्यांनी. आणि २०२१ च्या आरोग्य व्यवसायांच्या केंद्राच्या कायद्यात फिजिशियन असोसिएट हे नाव आहे. म्हणजे भाचीचं पद काही हवेतलं नाही.

सातपुडा पायथा
बरं मग उपसरपंच मागे घेतला. पण आमच्या धडगाव मोलगीकडे लोकांनी स्वतःच सोडवलंय हे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतात, एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे म्हणतात 'सीएचओ मॅडम'. डॉक्टर पण नाही, सिस्टर पण नाही, पाड्यावरच्या म्हातारीला पण फरक कळतो की ह्या बीपीच्या गोळ्या देतात आणि जास्त असलं की खाली पाठवतात. शब्दाचं मराठी करत बसण्यापेक्षा काम कळलं पाहिजे. तापीकाठ, ती दिवसभर करते काय ते तर सांगा.

तापीकाठ
हा, ते मागच्या महिन्यात डोळ्यांनी बघून आलो. सकाळी सहाला वॉर्डात. रात्रीत कोणाचा ताप चढला, छातीच्या नळीतून किती पाणी आलं, लघवी किती झाली, सगळं स्वतः बघून लिहून ठेवते आणि मोठे सर्जन राउंडला आले की एका दमात सांगते, ते काय बदलायचं ते सांगतात, ही ते पुढे पळवते. मग ऑपरेशनला हात धुवून उभी. बायपासला पायातली शीर काढून हृदयाला जोडतात ना, ती शीर काढायला आता ती सर्जनसमोर बसते. मी विचारलं हात कापत नाही का, तर म्हणे पहिल्या वर्षी घरी केळीच्या सालीवर टाके घालायचे मामा. आपल्या रावेरची केळी तिकडे कामाला आली म्हणायची! पण एक पाहिलं, एका पेशंटच्या मुलाने तिला 'डॉक्टर' हाक मारली तर ती थांबली, तोडक्यामोडक्या तमिळमध्ये त्याला सांगितलं मी डॉक्टर नाही, डॉक्टर दहाला येतील, आणि मगच पुढचं बोलली. दिवसातून वीस वेळा सांगावं लागतं म्हणे.

खापरावरची पोळी
हे वाचून बरं वाटलं. मग तिच्यासाठी 'वैद्यकीय सहयोगी' लिहा. वैद्य नको, वैद्यकीय. मेडिकलशी संबंध कळतो आणि डॉक्टर असल्याचा आव येत नाही.

काना मात्रा
चालेल. माझं मत तरी 'वैद्यकीय सहायक'कडे, सहायक म्हटलं की वर कोणीतरी आहे हे न सांगता कळतं. पण मग ताई जेवायला वाढणार नाहीत 😄

मिरचीठेचा
'धाकली डाक्टरीन' सगळ्यात भारी होता. धाकली म्हटलं की थोरली कोणीतरी आहे हे आलंच त्यात. पण भाची मारेल.

तापीकाठ
मारलंच असतं. तर मंडळी, ठरलं ते असं: "नोकरी: फिजिशियन असोसिएट (वैद्यकीय सहयोगी), हृदयशस्त्रक्रिया विभाग, चेन्नई". ताईला सहयोगी आवडला, कारण जावयाच्या कॉलेजात सहयोगी प्राध्यापकाला गाडी आहे. भाचीने खाली एक ओळ टाकायला लावली, "डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम". ताई त्यावर अजून धुसफुसतेय.

काल माझं मशीन बिघडलं म्हणून कागद बसस्टँडजवळच्या टायपिंगवाल्याला दिला, पन्नास कॉपी काढून आणल्या. घरी येऊन बघतो तर त्याने स्वतःच्या अकलेने दुरुस्त केलंय, 'फिजिओथेरपी असोसिएट'. सकाळपासून दोन फोन आले, त्यातला एक मुलाच्या आजोबांचा, गुडघे दुखतात म्हणे.