विषय: वाचनचाचणीचे कागद – "चात"ला बरोबर द्यायचं की चूक?? (गुरुवारच्या आत सांगा)

प्रेषक: मृणाल
रविवार, रात्री 10:40

मंडळी,
शुक्रवारी इथल्या इंडोनेशियन शाळेत पाचवीच्या मुलांची इंग्लिश वाचनचाचणी घेतली तिचे सगळे 64 कागद आज एकत्र लावले आणि डोकं धरून बसलेय. प्रत्येकाने आपापल्या मनाने मार्क दिलेत. सी-ए-टी बघून पोरं "चात" म्हणाली त्याला स्वातीताईंनी चूक दिलीये, कौस्तुभने बरोबर दिलंय आणि एका माणसाने (नाव घेत नाही) अर्धा मार्क दिलाय. अर्धा मार्क असा प्रकारच नव्हता हो कागदावर!! चूक माझीही आहे, शुक्रवारी शाळा लवकर सुटते, जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळं उरकायचं म्हणून मी नियम नीट समजावलेच नाहीत, पण गुरुवारी माझ्या पेम्बिम्बिंगना (थीसिसच्या मार्गदर्शकांना) आकडे दाखवायचेत. रेकॉर्डिंग आहे, परत ऐकून मार्क देता येतील, फक्त आधी ठरवा की "चात", "चुप", "जाम" ह्यांचं करायचं काय.

आणि ज्यांच्याकडे दुसरा रेकॉर्डर आहे त्यांनी प्लीज प्लीज परत करा, त्यात 22 मुलं आहेत.

मृणाल

---

प्रेषक: देशपांडेकाका
सोमवार, सकाळी 5:55

मृणाल,
यादी मी केलेली आहे त्यामुळे मीच उत्तर देतो. सी-ए-टी म्हणजे कॅट. चात म्हटलं तर चूक. ह्यात ठरवायचं काय आहे? माझ्या नातवाच्या वर्कशीटवरनं तीन अक्षरी सोपे शब्द उचलले होते, कॅट, कप, जॅम, बॅन, लॅप, पाचवीच्या पोराला एवढं यायलाच पाहिजे. उगाच लाड कशाला. अर्धा मार्क मी दिलाय आणि का दिलाय तर ते पोर अगदी खणखणीत आवाजात वाचत होतं.

काका

---

प्रेषक: स्वाती
सोमवार, सकाळी 9:20

काका, राग मानू नका पण यादीतच घोळ आहे. सी-ए-टी हा इंडोनेशियन शब्दच आहे, चात म्हणजे रंग, भिंतीला देतात तो. जे-ए-एम म्हणजे जाम, घड्याळ किंवा वाजलेले तास. बी-ए-एन बान म्हणजे टायर, आपण रोज "तांबाल बान"च्या पाट्या बघतो की रस्त्यावर, पंक्चरवाल्यांच्या. एल-ए-पी लाप म्हणजे पुसायचं फडकं. खालच्या ओळीत ए-आय-आर आहे, ते आ-इर म्हणजे पाणी! म्हणजे आपण पोरांना इंग्लिश वाचा म्हणून त्यांच्याच भाषेतले शब्द हातात दिले आणि त्यांनी ते बरोबर वाचले. माझ्या टेबलावरच्या एका मुलीने तर "जाम" म्हणून मागच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मी तेव्हा चूक मारली आणि आता लाज वाटतीये.

नाशिकला झेडपीच्या शाळेत नऊ वर्षं शिकवलंय मी, आपली पोरंही बी-यू-टी बट झाल्यावर पी-यू-टी पट असंच वाचायची, आणि कुणी विचारलं का हो बाई तर उत्तर नसायचंच.

स्वाती

---

प्रेषक: कौस्तुभ (चिकारांग)
सोमवार, दुपारी 12:47

लंच ब्रेकमध्ये लिहितोय, घाईत. मी बरोबर का दिलं तर मी इग्राचे नियम वाचून आलो होतो (ती मोठी प्राथमिक वाचनचाचणी, बऱ्याच देशांत त्या त्या भाषेत घेतात, इथेही झालीये), त्यात एका मिनिटात किती शब्द वाचले ते मोजतात, मूल तीन सेकंद अडलं की पुढचा शब्द दाखवायचा, स्वतःहून चूक सुधारली तर बरोबर धरायचं, आणि घरच्या बोलीमुळे उच्चार वेगळा आला तर मार्क कापायचा नाही, म्हणून मी चात चालवून घेतलं. आता स्वातीताईंचं वाचून वाटतंय की माझंही चुकलं, कारण चात हा ॲक्सेंट नाही. "थिंक"चं "तिंक" झालं तर तो ॲक्सेंट, त्यांच्याकडे थ नाहीच. "बेड"चं "बेत" झालं तरी तेच, शब्दाच्या शेवटी ड टिकत नाही. सुंदा घरातलं पोर "कॉफी"ला "कोपी" म्हणेल कारण सुंदा भाषेत मुळात फ नाही. पण "नाइस"चं "निचे" आणि "केक"चं "चाके" हे वेगळंच आहे, तिथे मूल इंग्लिश अक्षरं इंडोनेशियन नियमाने वाचतंय.

तर मी एक्सेलमध्ये तीन कॉलम करून ठेवलेत: बरोबर, उ (उच्चाराचा फरक, मार्क कापायचा नाही), लि (लिपीचा नियम, वेगळा मोजायचा). अर्धा मार्क नाही. काका 🙏

बाकी पिसा ह्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे आकडे बघा, 2022 ला इंडोनेशियाचे वाचनात 359, ओईसीडीची (विकसित देशांच्या गटाची) सरासरी 476. 2018 ला 371 होते म्हणजे अजून घसरलेत. मृणालने हे पहिल्याच पानावर टाकावं.

---

प्रेषक: वंदना (सचिव)
सोमवार, दुपारी 3:15

सर्वांना नमस्कार,
तीन गोष्टी. एक, ही ईमेल लिस्ट मराठी मंडळाच्या कामासाठी आहे हे गेल्या वर्षीच्या बिर्याणी प्रकरणानंतर ठरलेलं आहे. मृणालला परवानगी मी दिली होती ती स्वयंसेवक मिळवण्यापुरती. दोन, दोन्ही रेकॉर्डर नाटक समितीचे आहेत आणि एक विनाचार्जर परत आलाय. तीन, हे संशोधन मंडळाच्या नावावर चाललंय का? परदेशी माणसाला इथे संशोधन करायला ब्रिनची (सरकारी संशोधन संस्थेची) परवानगी लागते, 2019 च्या कायद्यातच आहे. उद्या कुणी विचारलं तर सही माझी आहे.

वंदना

---

प्रेषक: नीलेश
सोमवार, दुपारी 3:31

वंदनाताई, चार्जर माझ्या गाडीत आहे, बुधवारी आणतो. दुसरा रेकॉर्डरपण माझ्याकडेच निघाला, बॅगेत होता 😬 तसंच संकष्टीला साबुदाणा कुणी आणला होता तो कुठला? सागू मुतियारा म्हणून जो मिळतो त्याचा माझ्याकडे गोळा झाला.

---

प्रेषक: मृणाल
सोमवार, रात्री 9:05

वंदनाताई, मंडळाचं नाव कुठ्ठेही नाही. मी इथल्याच युनिव्हर्सिटीची एस-दुआची म्हणजे मास्टर्सची विद्यार्थिनी आहे, स्टुडंट किटासवर (राहण्याच्या परवान्यावर), त्यामुळे कॅम्पसचं पत्र, केसबांगपोल ह्या सरकारी कचेरीची शिफारस, दिनास पेंदिदिकानचं म्हणजे शिक्षण खात्याचं पत्र आणि शाळेच्या केपाला सकोलाचा म्हणजे मुख्याध्यापकांचा शिक्का असं सगळं फाइलमध्ये आहे. पालकांच्या संमतीपत्रांना दहा हजाराचं मेतेराय (सरकारी तिकीट) लावायचं का ह्यावर चार दिवस गेले, शेवटी गुरुजी म्हणाले नको. नीलेश, देव तुझं भलं करो.

कौस्तुभ, पिसा नको रे. ती परीक्षा 15 वर्षांच्या मुलांची आणि बहासा इंडोनेशियामधली, तिचा इंग्लिशशी संबंध नाही. आमचे सर तर म्हणतात दर दुसऱ्या थीसिसच्या पहिल्या पानावर पिसा असतं आणि दुसऱ्या पानापासून त्याचा पत्ता नसतो.

काका, पाचवीच्या पोराला "यायलाच पाहिजे" असं नाही हो. 2013 च्या अभ्यासक्रमात प्राथमिकच्या सक्तीच्या विषयांत इंग्लिश नव्हतंच, शाळेला जमलं तर शिकवा. आता 2027-28 पासून तिसरीपासून सक्तीचं होतंय. ह्या शाळेत आठवड्याला 35-35 मिनिटांचे दोन तास आहेत, शिकवणाऱ्या बाई होनोरेर म्हणजे कंत्राटी आणि त्या दुसऱ्या शाळेतही जातात. मला तेच बघायचंय, बहासा घडाघडा वाचणारं मूल इंग्लिश पानावर आलं की नेमकं कुठे ठेचकाळतं.

तर प्रस्ताव: ते सहा-सात दुहेरी शब्द यादीतून काढून टाकू आणि उरलेल्यांचे मार्क धरू. चालेल?

---

प्रेषक: देशपांडेकाका
मंगळवार, सकाळी 5:40

काढा. माझं काही म्हणणं नाही. यादी करायला रात्रीचे दीड वाजले होते ते जाऊ दे.

फक्त एक नोंद. मी 1989 ला पुर्वाकार्ताच्या गिरणीत आलो तेव्हा जुन्या गोदामावर जकार्ताचं स्पेलिंग डी-जे ने असलेली पाटी होती. 1972 ला ह्यांनी शुद्धलेखन बदललं. त्याआधी च हा टी-जे असा लिहायचे आणि ज डी-जे. म्हणजे तेव्हाच्या पोराने सी-ए-टी ला चात म्हटलंच नसतं, कारण रंगाचं स्पेलिंगच टी-जे-ए-टी होतं. तेव्हा दोष माझ्या यादीचा नसून 72 चा आहे.

आणि ह्यांची भाषा आपल्यासारखीच आहे, लिहिलं तसं वाचायचं, बरेच शब्द तर संस्कृत. बहासा म्हणजे भाषा, गुरू, सिस्वा म्हणजे शिष्य, काता म्हणजे कथा, बुकु, सकोला. अशा मुलांना इंग्लिश जड जाणारच.

काका

---

प्रेषक: रोहिणी (सुरबाया)
मंगळवार, सकाळी 8:02

काका, बुकु डच आहे आणि सकोला पोर्तुगीज! आमच्या गोव्यात अजून इस्कोलच म्हणतात. जनेला म्हणजे खिडकी, इथे जेंदेला. आणि लिहिलं तसं वाचायचं हे पूर्ण खरं नाही, ए-पी-ई-एल हा एकच शब्द आपल म्हटलं तर सफरचंद आणि आपेल म्हटलं तर हजेरी, ई अक्षर तेच. आपलं तरी काय, चहातला च आणि चाकातला च कुठे वेगळा लिहितो आपण. माझ्या मुलीला इथे च वाचायला शिकवताना हेच झालं, ती "चाक" असं म्हणायची की मला वाटायचं कुठल्या परदेशी पाहुणीशी बोलतेय.

नीलेश, मोठे पारदर्शक मणी घ्यायचेच नाहीत, बारीक पांढरे घे आणि धुऊन फक्त ओलसर ठेव, पाणी उभं राहू देऊ नको.

---

प्रेषक: स्वाती
मंगळवार, सकाळी 11:30

मृणाल, ते शब्द काढू नकोस!! रात्रभर तेच डोक्यात होतं. अगं तेच तर सगळ्यात कामाचे आहेत. "डॉग" चुकला तर तुला कळत नाही की मुलाला इंग्लिश ओ माहीत नाही की घाबरलंय की खिडकीतून बाहेर बघतंय. पण "चात" म्हणाला म्हणजे त्याने सी बरोबर ओळखला, ए बरोबर, टी बरोबर, तिन्ही जोडले, अर्थही लागला, फक्त कुठल्या भाषेचं पान आहे ते चुकलं. इथे पहिलीत कसं शिकवतात ऐकलंयस ना, बे-आ-बा, चे-आ-चा, बाचा. सी अक्षराचं नावच "चे" आहे! पाच वर्षं चे-आ-चा घोकलेल्या मुलाने सी-ए ला "कॅ" का म्हणावं, त्याला कुणी सांगितलंय का?

तू मला तो 1986 चा लेख दिला होतास वाचायला, वाचन म्हणजे अक्षरं फोडणं गुणिले भाषा समजणं, बेरीज नाही गुणाकार, एक शून्य तर सगळं शून्य. माझ्याकडच्या एका मुलाने "केक" अगदी फाडकन बरोबर वाचलं, बरोबरचा टिक पण मिळाला. मी सहज विचारलं आपा इतु, हे काय असतं, तर खांदे उडवले. क्लासला जातो म्हणे. आणि "चाके" म्हणणारी मुलगी पुढची ओळ वाचताना बर्थडे आला तशी हसून म्हणाली "ओ, कुए!" म्हणजे केकच. आता ह्यात चूक कुणाला द्यायची सांगा.

---

प्रेषक: कौस्तुभ (चिकारांग)
मंगळवार, दुपारी 12:51

स्वातीताईंना +1. लि कॉलममध्ये अजून एक खूण घालतोय, "लि-श" म्हणजे जिथे चुकून खरा इंडोनेशियन शब्द तयार झाला (चात, जाम, बान, लाप, आ-इर). "चुप" साधा लि 😄

पण केकचा अर्थ विचारल्याचं चालणार नाही ताई, ते फक्त तुम्ही विचारलंत, बाकी सात टेबलांवर कुणी विचारलं नाही.

---

प्रेषक: देशपांडेकाका
मंगळवार, दुपारी 1:10

म्हणजे यादी बरोबर होती.

---

प्रेषक: मृणाल
मंगळवार, रात्री 8:48

हो काका, यादी बरोबर होती, थीसिसमध्ये आभारात घालते 🙏

ठरलं मग. दुहेरी शब्द राहतील, पण त्यांची बेरीज वेगळी. उ ला मार्क कापायचा नाही, लि आणि लि-श एकूण मार्कात चूकच पण वेगळे मोजायचे. अर्थाचं स्वातीताईंच्या आठ मुलांपुरतं टीप म्हणून लिहीन. बुधवारी संध्याकाळी 6 वाजता माझ्याकडे, प्रत्येकाने दुसऱ्याच्या टेबलाचं रेकॉर्डिंग ऐकायचं, स्वतःचं नाही. प्रत्येक मुलाचं दोघांनी ऐकायचं आणि जुळलं नाही तर तिसऱ्याने. पोहे आहेत. हॉल नको, वंदनाताई निश्चिंत राहा.

---

प्रेषक: वंदना (सचिव)
मंगळवार, रात्री 9:30

नाटक समितीला गुरुवारी दोन्ही रेकॉर्डर चार्जरसकट हवेत. मी पण येते उद्या, मला कानाने बरं ऐकू येतं.

---

प्रेषक: नीलेश
बुधवार, रात्री 11:52

सगळे गेल्यावर मी माझ्या बॅगेतल्या रेकॉर्डरवरची शेवटची चार मुलं ऐकली, गुरुवारच्या आत व्हावं म्हणून. तीन झाली. 41 नंबरच्या मुलीचं मात्र कळत नाहीये. सी-ए-टी वर ती थांबते, तीन सेकंदांच्या आतच, हळू आवाजात स्वतःशी "चात..." म्हणते, मग "बुकान", म्हणजे नाही नाही, आणि मग एकदम जोरात "कुचिंग!" म्हणते. मांजर. पानावर चित्र नव्हतं ना? मी दोनदा तपासलं, नव्हतं. म्हणजे इंग्लिश शब्द ओळखला पण तोंडाने बोलली बहासा.

स्वतःहून सुधारलं तर बरोबर म्हणालात, पण सुधारून ती कॅट म्हणालीच नाही. उ नाही, लि नाही, लि-श होता पण तिनेच खोडला. मी तिथे रिकामं सोडलंय, मृणाल सकाळी निघायच्या आधी बघ.