वसतिगृहाला निघालेल्या मुलीच्या हातात हे पुस्तक द्यावं का?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. वाचणाऱ्यांचा सल्ला हवाय, जरा घाईचा.

लेक अकरा वर्षांची. नवोदयला नंबर लागला, त्यामुळे सहावीपासून तिकडेच राहायला जाणार. यादीत नाव आलं तेव्हा पेढे वाटले आणि रात्री मोरीत नळ सोडून रडले, असा सगळा प्रकार. बादली, मग, ताट-वाटी, कुलूप, सगळ्यावर ऑइलपेंटने नाव घालून झालंय.

पुण्याच्या मावसभावाने त्याच्या मुलांची जुनी पुस्तकं पोतंभर पाठवली. त्यातलं एक हिने धरलंय ते सोडतच नाही. 'द ऑस्टिअर अकॅडमी', लेखक लेमनी स्निकेट, तेरा पुस्तकांच्या मालिकेतलं पाचवं. ही सेमी इंग्लिशची, अडखळत वाचते, पण एकटीच खिदळत असते. म्हणून ती झोपल्यावर मी वाचायला घेतलं, आणि माझी झोप उडाली.

आईबाप आगीत गेलेली तीन भावंडं. व्हायोलेट चौदाची, क्लाऊस बाराचा, सनी अजून रांगते. बँकेतले एक मिस्टर पो त्यांना निवासी शाळेत सोडून जातात. शाळेच्या इमारती थडग्यांच्या आकाराच्या. बोधवाक्य काय, तर 'लक्षात ठेवा, तुम्ही मरणार आहात'. बऱ्या खोलीत राहायचं तर परवानगीच्या कागदावर पालकांची सही लागते. ती आणायची कुठून? म्हणून या तिघांना पत्र्याचं खोपट. खाली खेकडे, वरून बुरशी टपकते. नीरो नावाचे उपमुख्याध्यापक रोज संध्याकाळी सहा तास भयाण व्हायोलिन वाजवतात आणि सगळ्यांनी बसून ऐकायचं. वर्गात उशिरा आलात तर जेवताना हात पाठीमागे बांधणार. जेवायला उशिरा आलात तर पेला काढून घेणार, पाणी ताटात ओतणार, चाटा!

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शुभ बोल रे नाऱ्या! पोरगी बिऱ्हाड घेऊन परक्या ठिकाणी निघालीय आणि वाचतेय काय?" त्यांचं म्हणणं, आईबापाविना पोरांची गोष्ट म्हणजे 'श्यामची आई'सारखा डोळ्याला पदर लागला पाहिजे. हसायचं कसलं त्यात? आणि खरं सांगू, मलाही ते थोडं पटलं.

काढून घेऊ का? दिवाळीच्या सुट्टीला घरी येईल तेव्हा दिलं तर? जाणकारांनी सांगा. "मुलांवर विश्वास ठेवा" एवढंच लिहू नका प्लीज, ते माहीत आहे.

---

निमूट:

माझं मत विचाराल तर देऊ नका. जगात चांगली पुस्तकं कमी आहेत का? फास्टर फेणे द्या. तोही फुरसुंगीहून पुण्याला येऊन बोर्डिंगातच राहतो की. तिथे मजा आहे, धाडस आहे, मित्र आहेत. हे थडगी आणि बुरशी कशाला?

---

पत्र्याचीट्रंक:

मी पाचवी ते दहावी वसतिगृहात काढली आणि आता एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

आमच्या वसतिगृहाचं नाव घेत नाही. रेक्टर आमची घरी लिहिलेली पत्रं टाकण्याआधी वाचायचे. इथवर ठीक. पण रविवारी दुपारी ती सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचे, आणि आवाज काढून. "आई, मला करमत नाही गं" हे बारीक, नाकातल्या आवाजात. ज्याचं पत्र असेल त्याचे कान लाल, बाकीचे हसतायत, कारण हसलं नाही तर पुढचा नंबर आपला. प्रार्थनेला उशीर झाला की ताकाची वाटी बंद. का बंद, ताकाचा आणि प्रार्थनेचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती.

मोठेपणी हे पुस्तक हातात आलं आणि नीरोसाहेब पहिल्यांदा बोलले तिथेच मी थांबलो. हा माणूस समोरच्या मुलाचं वाक्य वेडावून दाखवतो. सतत. मुलं काही रास्त सांगायला जातात आणि हा तेच शब्द चिरक्या आवाजात परत करतो. लेखक कधी अमेरिकेबाहेर गेला असेल-नसेल, आमच्या रेक्टरांना मात्र ओळखत होता.

तर ताई, तुमची लेक ज्याला हसतेय ते दुःख नव्हे. ते नियम आहेत. तुम्ही लिहिलेला सहीचा मुद्दाच घ्या. कोणी राक्षस येऊन पोरांना खोपटात टाकत नाही. फॉर्म आहे, फॉर्मवर सही नाही, मग नाइलाज आहे. कोणत्याही तहसील कचेरीत ऐकू येईल असं वाक्य. सनी तान्ही, तिच्यासाठी वर्ग नाही, म्हणून तिला ऑफिसात सेक्रेटरी केलंय. पण ऑफिसच्या इमारतीत मुलांनी पाऊल टाकलं तर काटा-चमचा जप्त, असाही नियम आहे. झालं, नोकरी तिथेच आणि शिक्षाही तिथलीच. अकरा वर्षांच्या मुलीला यातली गंमत बरोबर कळते. आपल्याला कळत नाही, कारण आपण असे नियम पाळून पाळून निबर झालोय.

वर्गही बघा. रेमोरा सर केळी खात खात बारीकसारीक निरर्थक गोष्टी सांगतात, मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या. बास बाई वस्तू मोजायला लावतात, लांबी, रुंदी, खोली, मेट्रिकमध्ये. कशासाठी मोजायचं ते कोणी सांगत नाही. परीक्षा त्याचीच. नवोदयची तयारी करून थकलेल्या मुलीला हे वाचून हसू येणार नाही तर काय?

आता सासूबाईंचा मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नाही. या पुस्तकात खरोखर भिववणारी गोष्ट आहे, पण ती थडगी आणि खेकड्यांत नाही. काउंट ओलाफ नावाचा मुलांच्या संपत्तीवर टपलेला माणूस वेश बदलून शाळेत येतो, या भागात खेळाचा शिक्षक म्हणून. मुलं त्याला पहिल्या क्षणी ओळखतात. मोठी माणसं ओळखत नाहीत. नीरो तर म्हणतो, शाळेत एक अद्ययावत कॉम्प्युटर आहे, तो ओलाफला आत येऊच देणार नाही. कॉम्प्युटर काय करतो, तर पडद्यावर ओलाफचा फोटो दाखवतो. आणि खरा ओलाफ तिकडे मैदानात अनाथ मुलांना रात्रभर गोल गोल पळवतोय, जमिनीवर चमकत्या रंगाचं वर्तुळ आखून, म्हणजे दिवसा ती वर्गात पेंगतील, नापास होतील आणि शाळेतून निघतील. मुलं सांगायला जातात तर वेडावून परत.

मिस्टर पो दुष्ट नाहीत, हे लक्षात घ्या. भला माणूस आहे. फक्त खोकत असतो आणि घाईत असतो.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची भीती हीच असते: मी सांगेन आणि घरचे म्हणतील, "अगं, होतं असं सुरुवातीला." मलाही हेच उत्तर मिळालं होतं, आंतरदेशीय पत्रावर, वडिलांच्या सुवाच्य अक्षरात. तेव्हा पुस्तक काढून घेण्यापेक्षा ते वाचता वाचता तिला एकदा विचारा, पो काकांनी काय करायला हवं होतं? ती जे सांगेल ते नीट ऐकून ठेवा. तुमच्याकडून तिला काय हवंय ते त्यात निघेल. फोनवर बोलताना शेजारी कोणी उभं असेल तर मोकळं बोलता येत नाही, त्यासाठी एखादा खुणेचा शब्दही ठरवून टाका. आमच्या ग्रंथालयातल्या एका मुलीचा आणि तिच्या आईचा शब्द 'दोडका' होता. दोडक्याची भाजी विचारली की आई पहिल्या एसटीने हजर.

निमूट, फेणे मलाही आवडतो. पण भागवतांच्या बन्याला कोणी सळो की पळो करून सोडलं की तो सायकलवर टांग मारतो आणि आपण निर्धास्त होतो. पहिल्या रात्री अनोळखी खोलीत कूस बदलणाऱ्या पोराला कधीकधी असं पुस्तक लागतं जे म्हणतं, हो बाबा, जागा भिकारच आहे.

---

तळटीप:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण काही गोष्टी कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

एक, हे पाचवं पुस्तक आहे. मालिका 1999 ते 2006 मध्ये आली, हे 2000 सालचं. लेमनी स्निकेट हे टोपणनाव, खरा लेखक डॅनियल हँडलर. स्निकेट हा कथेतलाच एक पिचलेला, पळून पळून दमलेला इसम आहे आणि तोच आपल्याला सांगत असतो की पुस्तक मिटा, दुसरं काहीतरी वाचा. पहिलं न वाचता पाचवं वाचलं तरी अडत नाही, मागची हकीकत तो येता जाता सांगतो. अवघड शब्द आला की तिथल्या तिथे त्याचा अर्थही सांगतो, बऱ्याचदा तिरकस. सेमी इंग्लिशच्या मुलीला ते सोयीचंच आहे.

दोन, मला खटकलेली गोष्ट. खेळाच्या शिक्षकाच्या वेशात ओलाफ डोक्याला फेटा बांधून येतो, कारण त्याला जोडलेल्या भुवया लपवायच्यात. आणि पायात महागडे बूट, घोट्यावरचा डोळ्याचा टॅटू झाकायला. नाव धारण केलंय चंगीझ. मुलं फेटा काढायला सांगतात तर धार्मिक कारण पुढे करून हा सुटतो. विनोद मोठ्यांच्या भाबडेपणावर आहे हे मान्य. तरीही ज्या देशात फेटा हा वेशांतराचा सामान नाही, रोजचा आहे, तिथे बसून वाचताना ते स्वस्त वाटतं. मी माझ्या मुलाला ते बोलून दाखवलं. त्याने खांदे उडवले. ते असो.

तीन, चवथ्या पुस्तकापर्यंत साचा ठरलेला: नवा पालक, नवा वेश, नवी पळापळ. कंटाळा येतो. पाचव्यात तो पहिल्यांदा मोडतो, कारण मुलांना मित्र मिळतात. डंकन आणि इझाडोरा क्वॅगमायर. यांचेही आईवडील आगीत गेलेत, सोबत तिसरा भाऊ क्विगलीही गेलाय असं ते समजतात, तरी "आम्ही तिळे" असंच सांगतात. जेवणघरातला प्रसंग मुद्दाम वाचा. ट्रे हातात घेऊन तिघं उभी, बसायला कुठे जागा नाही, कार्मेलिटा नावाची आगाऊ पोरगी चिडवतेय, सगळं जेवणघर तिच्या सुरात सूर मिसळतंय. आणि एका टेबलावरून दोघं हाक मारतात. ती दोघं त्या खोपटात राहून गेलेली आहेत, खेकड्यांना पळवायला काय करायचं ते त्यांना माहीत आहे (मोठा आवाज). निवासी शाळेत जाणाऱ्या मुलीला इतकी कामाची माहिती कुठल्या शाळेच्या माहितीपत्रकात मिळणार?

नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत दुसऱ्या सीझनचे पहिले दोन भाग म्हणजे हे पुस्तक. नील पॅट्रिक हॅरिसचा ओलाफ झकास आहे, पण आधी पुस्तक.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. पत्र्याचीट्रंक, तुमचा प्रतिसाद मिस्टरांनाही वाचायला दिला. ते म्हणाले, "मी पो आहे का?" मी काही बोलले नाही.

पो काकांचा प्रश्न तिला विचारला. भाकरी थापताना, सहज विचारल्यासारखं. क्षणभरही विचार न करता म्हणाली, "त्यांनी एक रात्र खोपटात राहून बघायला पाहिजे होतं ना." मग आपणहून म्हणाली की तिला सनी आवडते, कारण ऑफिसातल्या टाचण्या, म्हणजे स्टेपलच्या पिना, संपल्यावर तिला त्या हाताने करायला लावतात. आणि व्हायोलेट खेकडा, बटाटा आणि काटा-चमचा घेऊन त्याचं यंत्र बनवते. हे सांगताना तिने पोळपाटावर बटाटा ठेवून प्रात्यक्षिकही करून दाखवलं. खेकड्याच्या जागी सांडशी.

पुस्तक काढून घेत नाही. सासूबाईंचं मत बदललेलं नाही, त्यांनी ट्रंकेत वरच्या बाजूला रामरक्षा ठेवलीय. दोन्ही जाऊ देत.

आता दुसरा प्रश्न. ती शेवटाकडे आलीय. शेवट फार वाईट आहे का? मरतं का कोणी?

---

पत्र्याचीट्रंक:

या भागात कोणी मरत नाही. पण शेवट सांगतोच, नंतर मला शिव्या नकोत. ओलाफची माणसं त्या दोन मित्रांना गाडीत कोंबून पळवून नेतात. क्लाऊस गाडीपर्यंत पोचतो, आणि तरी नेतात. डंकन जाता जाता तीन अक्षरं ओरडतो, त्यांचा अर्थ कोणालाच कळत नाही, आणि पुस्तक संपतं.

म्हणजे ती हे पाचवं घेऊन एकटंच गेली तर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला फोन येईल, तोही दोडक्याचा. तेव्हा सहावं आणि सातवं बरोबर द्या. 'द अर्झात्झ एलिव्हेटर' आणि 'द व्हाइल व्हिलेज'. सातव्याच्या शेवटी ती दोघं ओलाफच्या तावडीतून सुटतात, हवेत तरंगणाऱ्या एका घरातून. त्या जागी थांबता येतं, दिवाळीपर्यंत तरी. सहाव्यात शाळा नाही, उंच इमारत आणि पैसेवाली माणसं आहेत, तिला जरा संथ वाटेल. नेट लावून पुढे जा म्हणावं.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर बघा, मावसभावाला पाठवा. नवीन घेऊ नका. वसतिगृहात पुस्तक महिन्याभरात दहा हातांतून फिरतं आणि परत येतं ते मुखपृष्ठ नसलेलं.

---

निमूट:

ठीक आहे, माघार. पण फेणेही ठेवा ट्रंकेत. रामरक्षेच्या खाली जागा असेल. आणि नाव फक्त पहिल्या पानावर घालू नका, मधल्या एखाद्या पानावरही घाला. पहिलं पान फाडणारे प्रत्येक वसतिगृहात असतात, हे मीही भोगलंय.