सेंद्रिय पॅड, कापडी पॅड की कप: आमच्या घरासाठी काय योग्य ठरेल?

प्रश्न: सत्तरीची सून

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. पाणी विहिरीचे आहे, न्हाणीचे सांडपाणी माडांच्या मुळाशी जाते आणि शौचालयाला सेप्टिक टाकी आहे. घरात पाळी येणाऱ्या आम्ही तिघी: मी, माझी धाकटी जाऊ आणि नववीत शिकणारी माझी मुलगी. आजवर दुकानातले साधे पॅड वापरत आलो. मात्र कचरागाडी वाड्यावरून प्लास्टिक आणि कागद तेवढा नेते, वापरलेले पॅड घेत नाही. त्यामुळे ते परसात जाळावे लागतात आणि तो धूर थेट घरात येतो.

म्हणून पर्याय शोधू लागले, तर कुठे 'ऑर्गॅनिक', कुठे 'बांबू', कुठे 'बायोडिग्रेडेबल', आणि किंमत नेहमीच्या पॅडपेक्षा बरीच जास्त. या शिक्क्यांवर कितपत विश्वास ठेवावा? असे पॅड माडाच्या आळ्यात पुरले तर खरोखर कुजतात का? कापडी पॅड घ्यावेत तर आपल्याकडच्या पावसात ते वाळवायचे कसे? आणि शाळकरी मुलीने कप, म्हणजे योनीत बसवून पाळीचे रक्त गोळा करणारी लवचीक वाटी, वापरणे योग्य आहे का?

उत्तर: धागादोरा, म्हापसा

माझे काम कापडाच्या तपासणीशी संबंधित असल्यामुळे शिक्क्यांपुरते सांगते. सेंद्रिय कापसासाठी जीओटीएस (ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र जगभर मानले जाते. त्याच्या 'ऑर्गॅनिक' दर्जासाठी किमान ९५ टक्के आणि 'मेड विथ ऑर्गॅनिक' या दर्जासाठी किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात. खऱ्या प्रमाणपत्रासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो आणि तो जीओटीएसच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. क्रमांक नसेल, नुसते हिरवे पान आणि 'नॅचरल' एवढेच असेल, तर जादा पैसे त्या पानाचेच आहेत असे समजावे.

मात्र प्रमाणपत्र खरे असले तरी पॅडमध्ये कापसाखेरीज इतर थर असतात. त्वचेला लागणारा वरचा थर सेंद्रिय कापसाचा, आतला गाभा लाकडाच्या लगद्याचा आणि बहुधा द्रव धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या कणांचा, तर तळाचा थर पॉलिथिनचा, अशी रचना असलेला पॅडसुद्धा 'सेंद्रिय कापसाचा' म्हणून विकला जातो. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२२ मध्ये बाजारातील १० पॅड तपासले होते, ज्यांत सेंद्रिय म्हणून विकले जाणारेही होते. सगळ्याच नमुन्यांत थॅलेट गटातील, म्हणजे प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी, आणि हवेत उडून जाणारी रसायने सापडली. रसायन सापडले म्हणजे अपाय झालाच असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही सुगंधी पॅड घेऊ नयेत, असे मी सांगेन, कारण त्या सुगंधाची शरीराला काहीच गरज नसते.

बांबूचे म्हणाल, तर बांबूचा मऊ धागा बहुतेक वेळा रासायनिक प्रक्रियेने बनवलेला व्हिस्कोस असतो. आणि कुजण्याविषयी: कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे, पण त्यात गृहीत धरलेली स्थिती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाची असते, जिथे उष्णता साठ अंशांच्या आसपास टिकवली जाते. माडाच्या आळ्यात ती मिळत नाही. तिथे कापूस आणि लगदा कुजेल, तळाचा थर मात्र दीर्घकाळ तसाच राहू शकतो. शिवाय तुमची विहीर जवळ आहे, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर: केप्याची वहिनी

सत्तरीच्या वहिनी, आमच्याकडेही पाऊस तुमच्याइतकाच, तरी घरात सगळ्याजणी कापडी पॅडच वापरतो, त्यामुळे वाळवण्याचेच तेवढे सांगते. जाड, सगळे थर एकत्र शिवलेले पॅड जून ते सप्टेंबर या काळात घेऊच नयेत. घडीचा किंवा आतला थर वेगळा काढता येणारा प्रकार घ्यावा, कारण तो उलगडून दोरीवर टाकता येतो आणि पातळ असल्यामुळे पंख्याखाली वाळतो. तळाला पीयूएलचा, म्हणजे पाणी न झिरपणारा थर असलेले पॅड सर्वांत सावकाश वाळतात. तसले रात्रीसाठी थोडेच ठेवावेत.

वापरलेला पॅड आधी थंड पाण्यात भिजवावा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. नंतर साध्या साबणाने धुवावा. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याने कापडाची शोषणशक्ती कमी होते. ऊन असेल तेव्हा उघड्या उन्हात वाळवावेत. साडीच्या किंवा टॉवेलच्या आड वाळत घालण्याची आपल्या घरांतली जुनी सवय सोडावी, कारण अर्धवट वाळलेले कापड वापरले तर खाज आणि संसर्ग ओढवतो. ऐन आषाढात कपडे आठवडाभर दमट राहतात. त्या दिवसांत एखादी पाळी विकतच्या पॅडवर काढली तर काही बिघडत नाही. पहिल्या भिजवणीचे पाणी माडाला चालते, साबणाचे पाणी तेवढे विहिरीपासून लांब सोडावे.

उत्तर: परिचारिका, तिसवाडी

कपाविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आणि सुमारे ३,३०० स्त्रिया व मुलींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गळतीच्या बाबतीत कप पॅडइतकाच किंवा त्याहून बरा ठरला आणि संसर्गाचा धोका वाढल्याचे दिसले नाही. मात्र कप घालायला आणि काढायला सरावण्यासाठी काही पाळ्या जाव्या लागतात, हेही त्यातून स्पष्ट झाले.

कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचाच घ्यावा. प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर तो उकळावा. कंपन्या बारा तासांपर्यंत चालतो असे सांगतात; फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेचा सल्ला सहा तासांचा आहे, आणि जिवाणूंच्या विषामुळे होणारा, दुर्मीळ पण गंभीर असा टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा आजार लक्षात घेता मी आठ तासांच्या पुढे तर जाऊच नये असे सांगते. काढताना तळ चिमटून आधी हवेची पकड सोडवावी, नुसती देठी ओढू नये. तुमच्या जाऊबाईंनी तांबी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नये, कारण ओढताना तांबी सरकू शकते. विहिरीच्या पाण्याने धुताना ते उकळून गार केलेले असावे.

मुलीसाठी लहान आकाराचे कप मिळतात आणि वयाची अशी वैद्यकीय आडकाठी नाही. योनिपटल ताणले जाऊ शकते, हे तिला आणि घरातल्या मोठ्यांना आधीच नीट समजावून सांगावे. त्यानंतर तिला नको असेल तर विषय तिथेच थांबवावा. ही निवड आईने लेकीच्या वतीने करायची नसते.

उत्तर: डिचोलीकर

शाळेत कापडी पॅड बदलून पिशवीत घरी आणणे मुलींना अवघड वाटते, हे वरच्या उत्तरांत सुटले आहे. शाळेच्या वेळेसाठी पॅडच लागणार असेल, तर आमच्या तालुक्यातील महिला बचत गटाचे 'सखी' पॅड पाहावेत. पाइनच्या लगद्यापासून ते बनतात. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांच्या पॅड बनवण्याच्या यंत्रावर या बायकांनी काम सुरू केले होते. सध्या कुठे मिळतात ते गटाकडेच विचारून घ्यावे.

सत्तरीची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी स्वतः कप घेते, जाऊबाई घडीचे कापडी पॅड घेतील आणि मुलीला सगळी उत्तरे वाचायला दिली आहेत. ती म्हणते, घरी कापडी आणि शाळेत पॅड. मग शाळेतून आलेले ते थोडे पॅड तरी टाकायचे कुठे, एवढे सांगा.

धागादोरा, म्हापसा

जाळू नका, पॉलिथिन आणि पॉलिमर उघड्यावर जळले की घातक धूर निघतो. शौचालयातही टाकू नका, सेप्टिक टाकी तुंबेल. वापरलेला पॅड कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच लिहिलेले होते. त्यामुळे गाडीने तो नाकारणे नियमाला धरून नव्हते. पुडीवर लाल खूण करा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना ती उघडावी लागणार नाही. आणि येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, शक्यतो वाड्यावरच्या आणखी चारजणींच्या सह्या घेऊन.